जामीन राहणारा शेजारी

ख्रिस्ती धर्मात श्रद्धा आणि सत्कृत्य यांचे नाते काय, हा वाद फार जुना आहे. माणूस तरतो तो ईश्वरी कृपेवरील श्रद्धेने, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, असे मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात बजावले. आणि श्रद्धेची पारख आचरणात होते असे आग्रहाने मांडणारे याकोबाचे पत्र त्याला इतके खटकले, की १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत त्याने त्या पत्राला गवताच्या काडीची उपमा दिली. १९९९ साली कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांनी संयुक्त जाहीरनामा काढून या वादाची धार बरीच बोथट केली. धर्मपंडितांचा प्रश्न त्यांनी सोडवावा, हे युक्तच आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यातला एक साधा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. सत्कृत्य म्हणजे नेमके काय? देणे, की जबाबदारी घेणे?

दयाळू शोमरोन्याची बोधकथा ख्रिस्तेतरांनाही ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूकडे याजक आणि लेवी पाहून न पाहिल्यासारखे करतात. ज्याच्या जमातीशी यहुदी लोक संबंधही ठेवीत नसत, असा शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत पोहोचवतो. प्रवचनकार बहुधा येथेच थांबतात. पण कथा पुढे जाते. दुसऱ्या दिवशी तो धर्मशाळेच्या चालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो, म्हणजे तेव्हाच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि यापेक्षा जास्त खर्च झाल्यास परतताना आपण तो भागवू, असे सांगून जातो. नाणी हे दान झाले. पुढचे वचन ही हमी आहे, आणि तीही रकमेची मर्यादा नसलेली. एका अनोळखी माणसाच्या खर्चाला तो जामीन राहतो.

या दोन गोष्टींतला फरक ज्याने आपल्या आयुष्यात अनुभवाने ओळखला, त्या माणसाचे नाव अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपते. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन (१८१८-१८८८) हा जर्मनीतील वेस्टरवाल्ड या डोंगराळ, गरीब मुलखातला एक ग्रामप्रशासक. प्रॉटेस्टंट, आणि अत्यंत धर्मनिष्ठ. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वायरबुश परिसरात उपासमार सुरू झाली तेव्हा सरकारने पीठ पाठवले, पण ते रोखीनेच विकावे अशी आज्ञा होती. ज्याच्या घरी पैसाच नाही त्याला रोखीने पीठ देण्याचा अर्थ काय? रायफायझेनने आज्ञा बाजूला ठेवून उधारीवर वाटप केले, सुखवस्तू गावकऱ्यांकडून निधी उभारला, सामाईक भट्टी बांधली आणि बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्तात पाव दिला. पुढे फ्लामर्सफेल्ड येथे त्याने सधन गावकऱ्यांना सामुदायिक हमी द्यायला लावून गरीब शेतकऱ्यांना हप्त्यांवर गुरे मिळवून दिली, कारण सावकाराकडून घेतलेल्या गाईबरोबर शेतकऱ्याच्या घरात कर्जही येत असे. १८५४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे परोपकारी मंडळ निघाले.

ही सारी सत्कृत्येच होती. तथापि ती टिकेनात. ज्यांना कर्जाची गरज नव्हती ते इतरांच्या कर्जाची जोखीम वाहून हळूहळू थकले. दयेचा उत्साह पहिल्या दुष्काळात असतो तेवढा तिसऱ्या हप्त्याला राहत नाही, ही गोष्ट देणग्या गोळा करणाऱ्या कोणालाही सांगावी लागणार नाही. १८६४ मध्ये रायफायझेनने हेडेसडॉर्फच्या मंडळाचे रूपांतर पतसंस्थेत केले. कर्ज हवे असलेल्याने स्वतः सभासद व्हावे आणि प्रत्येक सभासदाने संस्थेच्या देण्यास आपल्या सर्व मालमत्तेनिशी बांधील राहावे, हा तिचा पाया होता. दोन वर्षांनी त्याने या अनुभवावर पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि लेखणी धरायला मुलगी आमालिया होती.

अमर्याद जबाबदारी हा शब्द विद्यार्थी पाठ करतात, पण त्याचा अर्थ गावात जाऊन पाहावा लागतो. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर माझे शेत जाऊ शकते, म्हणून शेजाऱ्याने कर्ज बियाण्यासाठी घेतले की लग्नाच्या जेवणावळीसाठी, हे पाहणे माझे काम होते. म्हणूनच संस्थेचे क्षेत्र लहान, एका पॅरिशपुरते असावे, पदाधिकाऱ्यांनी विनावेतन काम करावे, नफा वाटू नये, तो कोणालाही वाटून घेता न येणाऱ्या राखीव निधीत जावा, असे नियम त्याने धरले. शेजाऱ्यावरील प्रीतीचे हे रूप काहीसे रुक्ष आहे. त्यात खतावणी आहे, तगादा आहे, आणि नकारही आहे. पण प्रेमाला आकड्यांचे वावडे असावे, असे कोणत्याच शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

रायफायझेनला संत ठरवण्याचे मात्र कारण नाही. त्या काळच्या जर्मन खेड्यात सावकारविरोधी भाषेत ज्यूद्वेष सहज मिसळलेला असे, आणि त्याचे लेखनही त्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. परक्या जमातीच्या माणसाला शेजारी ठरवणारी कथा ज्याने शिरोधार्य मानली, त्याच्या शेजारधर्माची कुंपणे कोठे होती हेही पाहिले पाहिजे.

सावकारी पाशाचे आपल्याकडचे रूप १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत दिसले. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पण सावकाराचा हात धरला तरी पर्यायी पतपुरवठा कोठून येणार, हा प्रश्न उरलाच. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी त्याचे उत्तर युरोपात शोधले आणि शतकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालाचे सार रायफायझेन हुडकून काढा असे सांगितले. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारी आली ती याच वाटेने. वेस्टरवाल्डमधील एका भाविकाची कल्पना अशा रीतीने आपल्या कायद्याच्या पुस्तकात उतरली, आणि उतरताना तिचे धार्मिक मूळ गळून गेले. शासकीय कायद्यात ते तसे गळणेच योग्य होते.

त्या मुळाशी पुन्हा नाते जोडणारी एक घटना वसईत घडली. केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणाऱ्या त्या पट्ट्यातील ख्रिस्ती शेतकरीही कर्जात होता. १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी कॅथलिक पतसंस्था स्थापन केली. शनिवारी सावकाराचे व्याज आणि रविवारी मिस्सा, या आठवड्याच्या क्रमात धर्मगुरूने फक्त रविवार आपला मानला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने शनिवारही आपला मानला. आज बसीन कॅथलिक सहकारी बँक ही अनुसूचित बँक आहे आणि तिचे दार सर्व धर्मीयांना उघडे आहे. सेवाभावी ख्रिस्ती कार्य म्हटले की आपल्याला मिरजेचे रुग्णालय किंवा केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आठवते, आणि ते रास्तच आहे. पण तेथे एक देणारा आणि एक घेणारा असतो. पतपेढीत तोच माणूस दोन्ही बाजूंना उभा असतो, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

१९५४ च्या ग्रामीण पतपाहणी समितीच्या शिफारशींनंतर संस्था मोठ्या झाल्या, जबाबदारी मर्यादित झाली आणि सरकार भागीदार झाले. लहान संस्थांची दुर्बलता पाहता हा बदल निष्कारण नव्हता. किंमत मात्र द्यावी लागली: शेजाऱ्याचे कर्ज हा शेजाऱ्याचा विषय राहिला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारास प्रारंभी सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे आणि तो हिशेबात दडवल्याचे नंतर उघड झाले. त्या बँकेचे हजारो सभासद होते. कायद्याच्या दृष्टीने ते मालक होते.

या पानाच्या वाचकांत शिक्षक आणि कारकून पुष्कळ आहेत, आणि पगारदारांच्या पतसंस्थेत सहकाऱ्याच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही न केलेला त्यांत क्वचितच सापडेल. सहकारी हप्ते थकवतो आणि वसुली आपल्या पगारातून होते, तेव्हा तो धर्म कोणालाच गोड लागत नाही. तरीही त्या सहीमुळेच कोणाच्या मुलीचे शिक्षण आणि कोणाच्या आईची शस्त्रक्रिया सावकाराच्या दारात न जाता झालेली असते. सही करण्यापूर्वी अर्ज वाचावा, हेही त्या शेजारधर्मातच मोडते. दानशूरतेने झटकन सही करणारा आणि कटकट नको म्हणून टाळणारा, असे दोघेही सहकाऱ्याकडे नीट पाहत नाहीत.

उपासनेच्या प्रवचनांत नाताळच्या दानाविषयी ऐकायला मिळते. संस्थेच्या वार्षिक सभेला जाण्याविषयी मिळत नाही. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या या सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. हजेरीपत्रकावर सही करून अल्पोपाहाराकडे वळण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर अध्यक्षांचे छायाचित्र मोठे असते. लेखापरीक्षकांचे शेरे शेवटच्या पानांवर, लहान टाइपात असतात.