नोंदी विरळ करा, पण पट्टीने नको!

मंडळी, जुन्नर-आंबेगावातल्या बिबट्यांच्या नोंदी नकाशावर टाका. नारायणगाव-मंचरकडच्या उसात ठिपक्यांची नुसती गर्दी! तिथे माणसं जास्त, म्हणून नोंदीही जास्त. सॉफ्टवेअरला वाटणार, बिबट्याला फक्त ऊसच लागतो. यावर ठरलेला उपाय : 'दर १० किलोमीटरला एकच नोंद ठेवा.' अहो, भीमाशंकरच्या मुसळधार पावसातून पूर्वेला निघालात की तेवढ्यात हवामान बदलतं! आणि सपाटीवर तोच ऊस पुन्हापुन्हा मोजला जातो. त्यापेक्षा पाऊस, तापमान, पीक यांचे कप्पे करा आणि प्रत्येकातून मोजक्याच नोंदी उचला. अर्थात जिथे कुणी पाहिलंच नाही, तो कप्पा रिकामाच राहणार. त्यालाच 'बिबट्या नाही' म्हणालात, तर वाड्यावरच्या धनगराला सावध कोण करणार?