घरच्या बॅकअपसाठी नॅस: एक मोठा की दोन छोटे?



घरी नॅस घ्यायचा म्हटलं की पहिली चर्चा सुरू होते ती दोन डिस्कांचा घ्यावा की चार डिस्कांचा. माझ्या मते त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: हा डबा ज्या घरात ठेवणार, त्या घरालाच काही झालं तर?

अतिशयोक्ती वाटत असेल तर कोलोन आठवा. ३ मार्च २००९ रोजी तिथलं शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे चक्क कोसळलं. दोन तरुण दगावले, हजारेक वर्षांचे कागद चिखलात गेले. बहुतेक कागद नंतर उपसून काढले, पण त्यांची डागडुजी वर्षानुवर्षं चालू राहिली. ज्यांच्या मायक्रोफिल्म आधीच काढल्या होत्या तो मजकूर मात्र वाचला, कारण त्या फिल्म कोलोनमध्ये नव्हत्याच. फ्रायबुर्गजवळ खाणीच्या एका जुन्या बोगद्यात, स्टीलच्या पिंपांत बंद होत्या. उलट मार्च २०२१ मध्ये आपल्या केलच्या पलीकडे, स्ट्रासबुर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. सगळंच गेलं.

म्हणून "माझ्याकडे रेड आहे, मला काळजी नाही" असं कुणी म्हटलं की मला धडकी भरते. रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं याची सोय. मुलाने चुकून फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कांवरून तो त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअरचंही तेच. त्यासाठी स्नॅपशॉट लागतात, आणि अगदी स्वस्त मॉडेलांत नेमके तेच नसतात. माझं स्पष्ट मत: डिस्कांचे कप्पे कमी चालतील, स्नॅपशॉट हवेतच.

तर चार डिस्कांच्या डब्याचा मोह सोडा. इथे दोन डिस्कांचा साधा नॅस, आणि दुसरा एक डिस्कचा डबा आईवडिलांकडे पुण्याला, नागपूरला, जिथे असतील तिथे. पहिली प्रत इथेच भरून घ्या आणि हातसामानातून न्या. हिशोब करा ना: घरच्या डीएसएलवर अपलोड ४० मेगाबिट मिळत असेल तर १ टेराबाइट जायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. नंतर रोजचे चार फोटो रात्रीत आरामात जातात. तिकडे छोटा यूपीएस जोडा आणि वीज आली की डबा आपोआप सुरू होईल असं सेटिंग करून ठेवा. नाहीतर दर रविवारी "आई, निळा दिवा लागलाय का बघ ना" हा कार्यक्रम ठरलेला!

दोन घरं जोडताना राउटरवर पोर्ट उघडून ठेवू नका. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने आणि जानेवारी २०२२ पासून डेडबोल्टने क्यूनॅपच्या कितीतरी डब्यांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, ते असेच उघड्यावर ठेवलेले डबे होते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह तर परस्पर पुसले गेले. त्यांचे अपडेट बरीच वर्षं आधीच बंद झाले होते. म्हणजे सेकंडहँड डबा बघताना किमतीआधी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते बघा. जोडणीला वायरगार्ड उत्तम, नव्या फ्रिट्झबॉक्समध्ये ते आहेच. तुमच्याकडे डीएस-लाइट असेल, म्हणजे स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता नसेल, तर टेलस्केलसारखं काहीतरी वापरा.

डिस्क घेताना खोक्यावरचं "नॅस" वाचून भुलू नका. वेस्टर्न डिजिटलने काही रेड डिस्कांत (हे रेड वेगळं, लाल रंगाचं!) एसएमआर तंत्र न सांगता वापरलं होतं, ते २०२० मध्ये उघड झालं. आता प्लस आणि प्रो वेगळे आहेत. सीएमआर लिहिलंय का ते बघूनच घ्या.

विजेचं गणित दुकानदार सांगत नाही. २० वॅट सतत म्हणजे वर्षाला १७५ युनिट. ३५ सेंटचा दर धरला तर साठेक युरो. पाच वर्षांत ३०० युरो, म्हणजे साध्या डब्याइतकेच. रात्री डबा झोपवायचं वेळापत्रक लावा, फक्त बॅकअपची वेळ त्यातून वगळा. आणि खरखर ऐकू येते म्हणून तळघरात ठेवायचा विचार असेल तर नको. जुलै २०२१ च्या पुरात आर खोऱ्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर फ्रिट्झबॉक्सच्या यूएसबीला एक डिस्क लावा, तोही एक नॅसच. वेग बेताचा, पण फोटोंना पुरतो. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा भरून ऑफिसच्या खणात ठेवा, अर्थात एन्क्रिप्ट करून. आणि दिवाळीच्या सुट्टीत एक जुना अल्बम त्या प्रतीवरून खरंच परत आणून, उघडून बघा.