गंगाळातले बाळंतपण

मंडळी, मागल्या खेपेला डाळीला उन्हे कशी दाखवावीत ते सांगितले होते. आज जरा वेगळे लिहिते. आमची ठकी मांजर श्रावणात व्याली. व्याली ती माळ्यावरच्या तांब्याच्या गंगाळात, आणि तेवढ्यामुळे घरचा एक मोठा व्यवहार पंधरा दिवस पुढे गेला.

आमचा वाडा आर्वी तालुक्यातला. दाराच्या चौकटीवर शके 1790 कोरलेले आहे, म्हणजे इसवी 1868. मुंबईची आगगाडी वर्धेवरून नागपूरला पोचली ती 1867 साली, आणि वर्धा शहर पालकवाडीच्या जागी वसले ते 1866 साली. त्याआधी 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पुढे भाव पडले. पण त्या चार वर्षांत ज्यांच्या हाती पैसा खेळला, त्यांनी सागवानी वाडे उठवले. आमच्या वाडवडिलांनीही तेच केले असावे. विलायतेत तेव्हा व्हिक्टोरिया राणीचे राज्य. तिच्या तोंडवळ्याचा राणीछाप रुपया आमच्या देवघरात अजून आहे. लक्ष्मीपूजनाला त्याला दुधाने आंघोळ घालतो. सासूबाई सांगतात, त्यांच्या सासूबाई सोने तोलायला तोच रुपया पारड्यात टाकत, कारण तो बरोबर एक तोळ्याचा असे.

हे वाचायला गोड वाटते. राहून बघा म्हणजे कळेल. पुढे सपरी, मधे चार नक्षीच्या खांबांचे माजघर, वर माळा, मागे कोठा आणि वाडी. सारवण संपता संपत नाही. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात, आणि कवेलू फेरणारा माणूस आता शोधून सापडत नाही. फेरून झाले की चार दिवसांनी वानरांची टोळी येते आणि नाचून जाते. मग पहिल्या पावसात आम्ही घरभर बादल्या मांडून बसतो. माझ्या माहेरी स्लॅबचे घर झाले तेव्हा मी तिथली गुळगुळीत फरशी हाताने चाचपून पाहिली होती. खोटे कशाला बोलू?

या घरात आम्ही माणसे पाच, आणि बाकीचे बिऱ्हाड आमच्याहून मोठे. सपरीत वाघ्या कुत्रा. धान्याच्या ढोल्यांवर आणि मोडी कागदांच्या पेटीवर ठकीचा पहारा. ठकीच्या आधी दोन वर्षे घरात मांजर नव्हते, तेव्हा उंदरांनी एका दस्ताचा निम्मा भाग कुरतडून नेला. कोणाची जमीन, कोणाला दिली, काही कळायला मार्ग उरला नाही. आढ्याखाली गव्हाणी घुबडांची जोडी आहे. शेजारणी म्हणाल्या, अशुभ आहे, हाकला. मीही घाबरले होते. पण घरच्या मालकांनी आढ्याखाली पडलेल्या काळ्या गोळ्या दाखवल्या. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे, केस यांची गोळी करून तोंडाने टाकते. मी काडीने एक गोळी फोडली, तर आत उंदरांच्या इवल्या कवट्या निघाल्या. त्या दिवसापासून घुबडांचे नाव घरात कोणी काढत नाही.

धामणही येते. ती बिनविषारी, उंदरांवर जगणारी. तिला आम्ही काठी लावत नाही. मण्यारीचे मात्र भय आहे. ती रात्री हिंडते आणि भुईवर झोपलेल्याला चावते, चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. म्हणून आमच्याकडे लहानथोर सगळे खाटेवर, मच्छरदाणीत. दंश झाल्याचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ मोठा दवाखाना गाठावा. सेवाग्रामला गेलात तर बापूंच्या आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला दिसतो. गांधीजी तिथे 1936 साली राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. साप निघाला की चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर सोडून द्यायचा. त्या मातीच्या कुटीत जपलेल्या वस्तू त्या किती, मोजक्या. त्यातही एक सापासाठी!

आमच्याकडेही पितळेचा एक पिंजरा आहे, पोपटाचा. तो रिकामाच टांगलेला असतो. आपले रानातले पोपट पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. तुमच्या घरी असेल तर वनखात्याला कळवा.

आणि कोठ्यात चांदी, आमची गवळाऊ गाय. पांढरी, लांबट तोंडाची, हलक्या अंगाची. गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याचीच जात. आर्वी-कारंज्याकडच्या नंदगवळ्यांनी ती राखली, आणि हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी प्रक्षेत्र आहे. मराठ्यांच्या फौजेचे सामान ओढायला हे चपळ बैल लागत, असे सांगतात. दूध बेताचे, हे कबूल. पण मे महिन्याच्या उन्हात संकरित गाय जिभा काढते, तेव्हा चांदी निवांत रवंथ करीत असते. सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेराहून गाय आली होती, तिच्या वंशातली ही.

तर त्या व्यवहाराची गोष्ट. माझे भासरे नागपूरला असतात. वाड्यात त्यांचा अर्धा वाटा. श्रावणात ते एका खरेदीदाराला घेऊन आले. त्याने माजघरातल्या खांबांवर बोटांनी टकटक केली, नखाने लाकूड कोरून पाहिले आणि म्हणाला, असे जुने सागवान आता मिळत नाही, शहरात हॉटेलवाले आणि बंगलेवाले हवे तेवढे पैसे मोजतात. चार खांबांचा त्याने आकडा सांगितला. तो ऐकून मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून मनातल्या मनात दोन खोल्या, न्हाणीघर आणि फरशी बांधून काढली. खांब काढले की वरचा माळा कशावर उभा राहणार, हे मला चहा गाळताना सुचले.

मग त्याने भांडी पाहिली. हंडे, कोपर, बंब, परात, सगळे किलोवर, मोडीच्या भावाने. गंगाळ पाहायला तो माळ्यावर चढला, तर आतून फिसकारणे ऐकू आले. जुन्या धोतराच्या चिंध्यांवर ठकी, आणि तिला बिलगलेली चार पिले, डोळेसुद्धा न उघडलेली. खालून सासूबाईंचा आवाज आला, "बाळंतिणीले उठवत नाईत, बापू. पंधरा दिवसानं या."

खरेदीदार हसला. भासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. उतरता उतरता त्याने कोपऱ्यातल्या लाकडी नंदीवर हात ठेवला, तशा सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "तो इकाचा नाही."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा. चाकांचे लाकडी नंदी सजवून पोरे ओळीने उभी राहतात, घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्ध आहे. तिथले नंदी माणसापेक्षा उंच. आमचा गुडघ्याएवढाच.

पोळ्याला भासरे नातवाला घेऊन आले. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून त्यांना जेवणाचे आवतण दिले, तेव्हा तो पोरगा डोळे मोठे करून पाहत होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नंदी खाली काढायला सांगितला. अंगावर धुराची पुटे, एक चाक निखळलेले. गावच्या सुताराने चाक बसवून दिले. भासरे स्वतः बाहीवर बाही चढवून चिंचेच्या पाण्याने त्याच्या गळ्यातली पितळी घुंगरे घासायला बसले. पोट पुसायला नंदी उलटा केला, तर खाली खिळ्याने कोरलेली दोन अक्षरे. एक भासऱ्यांच्या नावाचे, एक आमच्या ह्यांच्या. भासरे ते बघत राहिले, आणि काही न बोलता पुन्हा पुसायला लागले.

रात्री सपरीत विषय त्यांनीच काढला. "खांब राहू द्या सध्या. पण छपराचं काय?"

प्रश्न खराच होता. छप्पर गळले की सागही कुजतो आणि वाळवी चढते. तेव्हा आम्ही सारी भांडी अंगणात मांडली. फुटका बंब, तडा गेलेला कोपर आणि दोन हंडे बाजूला काढले. ते मोडीत गेले तर दुःख नाही. ज्यांच्यावर नाव-साल कोरलेले होते ती ठेवली. जी पोकळ नुसती मिरवत होती ती वापरात घ्यायची ठरली, कारण हात लागला की भांडे उजळ राहते. कल्हईवाला मिळाला की पातेल्यांना कल्हई करून घेणार आहे. कल्हईवाचून तांब्या-पितळेत ताक, चिंच, टमाटा घालू नका. पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो.

एक सांगायचे राहिले. शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू यांना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना हवा, तेव्हा दारी आलेल्याला आधी परवाना विचारावा. नांगरताना काही सापडले तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. पवनारला धाम नदीकाठी विनोबा 1938 साली राहायला गेले, तिथे खणताना निघालेल्या प्राचीन मूर्ती आज आश्रमातच पाहायला मिळतात. त्यातली राम-भरत भेटीची तर डोळे भरून पाहावी अशी.

खरेदीदार सांगितल्या दिवशी आला. बाजूला काढलेली भांडी वजन करून घेऊन गेला. त्या पैशात अर्ध्या छपराचे कवेलू आणि दोन वाशांची दुरुस्ती होईल. उरलेल्या अर्ध्याचे भासरे बघतो म्हणाले आहेत. बघू. वाटा अजून अर्धाच आहे आणि आकडा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. खांबांवरून हात फिरवताना त्याने पुन्हा विचारले, आणि आमच्या ह्यांनी पुन्हा नाही म्हटले.

गंगाळ मात्र तेव्हा रिकामेच होते. माळ्यावर माणसांची ये-जा वाढलेली पाहून ठकीने आदल्या रात्रीच पिले तोंडात धरून हलवली होती. आधी कागदांच्या पेटीमागे, मग चांदीच्या गव्हाणीत. चांदी चाऱ्याला तोंड न लावता दोन तास तशीच उभी होती, शेवटी मी चारा खाली टाकला. मांजर पिलांना सात घरे दाखवते म्हणतात. हे तिसरे झाले. गंगाळ घासून न्हाणीत ठेवले आहे, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीसाठी. पिलांपैकी दोन गावात बोलून झाली आहेत.