‘बागबान’मधली मुले खरेच इतकी वाईट आहेत?

‘बागबान’ टी.व्ही.वर लागला की घरात दोन तट पडतात. म्हातारी माणसे पुढे सरकून बसतात आणि तरुण मंडळी म्हणतात, “लागलं पुन्हा रडगाणं!” रवि चोप्रांचा हा चित्रपट २००३ साली आला. अमिताभ बच्चन आणि हेमामालिनी यांचा संसार त्यानंतर किती वेळा आमच्या खोलीत मोडला आणि जुळला, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पण त्याच्यावर होणाऱ्या तक्रारी मात्र पाठ झाल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आम्हांला पटत नाहीत.

पहिली तक्रार अशी, की चारही मुले इतकी दुष्ट कशी? चारांत एक तरी चांगला निघतोच की! वाचक भगिनी-बंधूंनो, ही मुले नेमके काय करतात ते जरा आठवून पाहा. कोणी बापाला मारत नाही, कोणी आईला उपाशी ठेवत नाही. बाप रात्री टाइपरायटरवर लिहीत बसतो, त्या खटखटीने झोपमोड होते अशी कुरकुर होते. एवढेच. आई-वडील दोघांना एकदम सांभाळणे कोणालाच सोयीचे नाही, म्हणून सहा महिने आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे, मग अदलाबदल. यात दुष्टपणा कुठे आहे? आहे ती सोय. खलनायक पडद्यावर आला की आपण निर्धास्त असतो, कारण आपण काही तसे नाही. ‘बागबान’मधल्या मुलांकडे पाहताना तसे निर्धास्त राहता येत नाही, आणि रागाचे खरे कारण तेच असावे असा आम्हांला संशय आहे.

आमच्या चाळीत हीच वाटणी आम्ही पाहिली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही म्हाताऱ्यांना जागा कुठून आणणार, हा प्रश्न खोटा नाही. आई धाकट्याकडे डोंबिवलीला, कारण तिथे नातवंडे सांभाळायची आहेत. बाप थोरल्याकडे, कारण रॉकेलची आणि रेशनची रांग त्याने धरायची. दोघांचाही उपयोग होता म्हणून दोघेही ठेवले गेले. चाळीस वर्षे बरोबर राहिलेल्या त्या दोघांना काय हवे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. त्यांची भेट व्हायची ती लग्नात नाही तर मयताला. सिनेमात निदान टेलिफोन तरी आहे. करवा चौथचा तो प्रसंग आपल्या घरातला नव्हे. पण फोनच्या दोन टोकांना बसलेली ती दोन म्हातारी माणसे आपल्याला चांगलीच ठाऊक आहेत.

दुसरी तक्रार, कथा जुनी आहे. कबूल. राजा परांजपे यांनी १९५४ सालीच ‘ऊन पाऊस’मध्ये शाळामास्तर आणि त्याच्या बायकोची अशीच ताटातूट दाखवली. १९९८ च्या ‘तू तिथे मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांच्या वाट्याला तेच आले. त्याही आधी, १९३७ साली, अमेरिकेत ‘मेक वे फॉर टुमारो’ निघाला होता, आणि त्यातले म्हातारा-म्हातारी तर शेवटी स्टेशनवर कायमचे दुरावतात. इतक्या मुलखांत इतकी वर्षे तीच गोष्ट सांगावी लागते, ती काय लेखकांना दुसरे सुचत नाही म्हणून?

तिसरी तक्रार आमच्या घरातूनच आली. बँकेत नोकरी केलेला माणूस, आणि निवृत्तीनंतर हातात काही ठेवत नाही? मूर्खच म्हणायचा! यावर आम्ही गप्प बसलो. कारण फंडाचे पैसे मिळाल्याबरोबर मुलाच्या खोलीच्या डिपॉझिटला देऊन टाकणारी माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत, आणि त्यांना कोणी मूर्ख म्हटलेले आम्हांला आवडत नाही. २००७ साली आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते. पण पोटच्या पोराला पैसे देताना अट लिहून घेणारा बाप किती घरांत सापडेल?

सलमान खानचा आलोक फार गोड आहे, असेही म्हणतात. थोडा आहेच. परंतु बूटपॉलिश करणाऱ्या अनाथ पोराला एका परक्या माणसाने शिकवले आणि तो ते विसरला नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांना तरी खोटी वाटू नये. शिक्षणाला कोणीतरी दिलेला हात आपल्यातल्या किती घरांनी जपून ठेवला आहे!

आणि शेवट. मुले माफी मागायला येतात तेव्हा बाप माफ करत नाही. यावर जुन्या लोकांचाच आक्षेप जास्त, की आईबापाचे काळीज एवढे कठोर नसते. आमच्या मते चित्रपटाचा सगळ्यात खरा भाग तोच. आई म्हणून कदाचित माफ करीन, पण पत्नी म्हणून करणार नाही, अशा अर्थाचे हेमामालिनी बोलते. नवऱ्यापासून तोडले, हा आपल्यावर झालेला अन्याय आहे असे हिंदी सिनेमातली आई क्वचितच म्हणते. ती सहसा डोळे पुसते आणि जेवायला वाढते.

एक तक्रार मात्र आम्ही मान्य करतो. सगळे खापर सुनांवर फोडण्याची जुनी खोड इथेही आहे. मुलगे गप्प राहतात आणि वाईटपणा सुनेच्या तोंडी येतो, हे बरे नव्हे. घर दोघांचे, मग निर्णयही दोघांचाच की.

आमच्या शेजारचे निवृत्त गिरणी कामगार शेवटचे ते भाषण आले की आवाज मोठा करायला सांगतात. त्यांची सून चहा घेऊन येते, आणि कप हातात तसाच धरून, भाषण संपेपर्यंत दारातच उभी राहते.