लॉग-इननंतरची पहिली ओळ

परवलीचा शब्द स्वीकारला गेला की ग्राहकाच्या दृष्टीने प्रवेश पूर्ण होतो. ओळख पटणे आणि पहिले पान दिसणे, या दोहोंमधील निमिषात संगणकाकडून कोणती कामे करून घ्यावयाची, हे मात्र संकेतस्थळ रचणारा ठरवितो. ही जागा पुष्कळदा योजनांच्या जाहिरातींना बहाल केली जाते. तिच्यावर पहिला हक्क ग्राहकाच्या सुरक्षिततेचा असावयास हवा.

बँकांच्या प्रणाली निरनिराळ्या साधनांवर उभ्या असतात. परंतु विषय समजण्यास २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगो या वेब फ्रेमवर्कचे उदाहरण सोयीचे आहे. कोणी लॉग-इन केले की जँगो ‘यूजर लॉग्ड इन’ नावाचा सिग्नल, म्हणजे एक अंतर्गत वर्दी, देते. या वर्दीला जोडलेले फंक्शन प्रत्येक प्रवेशानंतर आपोआप चालते. मूळ फ्रेमवर्कला हात लावावा लागत नाही.

‘आपले मागील लॉग-इन अमुक दिवशी, अमुक वेळी’ ही ओळ दाखविण्यास याहून सोयीची जागा नाही. पण येथेच एक मेख आहे. जँगो स्वतःही याच वर्दीवर ‘लास्ट लॉगिन’ची नोंद बदलते. त्यानंतर चालणाऱ्या फंक्शनने ती नोंद वाचली, तर हाती येते ती आताचीच वेळ. ओळ दिसते नीटनेटकी, परंतु मध्यरात्री कोणी परका येऊन गेला असल्यास तो तिच्यामागे झाकला जातो. चुकीची ओळ दाखविण्यापेक्षा ती न दाखविलेली बरी! प्रत्येक प्रवेशाची वेळ स्वतंत्र तक्त्यात नोंदवावी आणि मागील वेळ तेथून घ्यावी, हा सरळ उपाय.

या फंक्शनवर कामांचे ओझे लादणेही अयोग्य. त्यात न हाताळलेली चूक उद्भवली, तर परवलीचा शब्द बरोबर असूनही ग्राहकासमोर त्रुटीचे पान येते. मोबाइलवर संदेश पाठविण्यासारखी वेळखाऊ कामे रांगेत टाकून मागाहून करावीत. जाहिरातीने तर रांगेतही शेवटी उभे राहावे.

पासबुक भरून घेतल्यावर खिडकीपाशीच नोंदी पडताळणारे ग्राहक आजही शाखांतून दिसतात. तीच नजर या ओळीवर पडावी, म्हणून ती ठळक अक्षरांत, शिलकीच्या शेजारी असावी. लगतच परवलीचा शब्द बदलण्याची सोय हवी. जँगोच्या नेहमीच्या मांडणीत तो बदलताच अन्य संगणकांवर उघडी राहिलेली त्या ग्राहकाची सत्रे निरुपयोगी ठरतात.