मतभेदांच्या पलीकडचा स्नेह

परवां सायंकाळीं आमचे एक स्नेही आमच्याकडे आले. चेहरा अगदीं उतरलेला होता. एकाच शाळेंत त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षें शिकविणारे त्यांचे सहकारी नुकतेच वारले होते. तारुण्यांत दोघांचें बिऱ्हाड एक होतें. एकाच्या घरचें पक्वान्न दुसऱ्याच्या घरीं गेल्याशिवाय राहत नसे. पुढें संस्थेच्या कारभारावरून खटका उडाला आणि शेवटचीं सहा-सात वर्षें उभयतांत अबोला होता. आतां शाळेंत दुखवट्याची सभा भरावयाची होती व जुने सहकारी म्हणून यांनीं चार शब्द बोलावे असा सर्वांचा आग्रह होता. "स्तुति करूं तर लोक ढोंगी म्हणतील, खरें बोलूं तर मेलेल्या माणसावर दांत धरला असें होईल, आणि गेलोंच नाहीं तर माझें मन मला खात राहील. काय करूं, तें तुम्हीच सांगा," असें म्हणून त्यांनीं डोळ्यांस रुमाल लावला.

आम्हीं त्यांना उपदेश केला नाहीं. एका जुन्या हकीकतीची आठवण मात्र दिली. वाचकांपैकीं पुष्कळांस ती ठाऊक असेल; पण कांहीं गोष्टी ठाऊक असूनही प्रसंगीं पुन्हां ऐकाव्या लागतात.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडाजवळील टेंभू या गांवीं झाला, आणि बाळ गंगाधर टिळक यांचा त्याच महिन्याच्या २३ तारखेस रत्नागिरीस. दोघांच्या वयांत अवघें नऊ दिवसांचें अंतर! परिस्थितींत मात्र अंतर मोठें होतें. टिळकांना घरचा आधार होता. आगरकरांना शिक्षणासाठीं दारोदार हिंडावें लागलें. कॉलेजांत असतांना अंगांत घालावयास एकच सदरा, तो रात्रीं धुवावयाचा आणि सकाळीं पुन्हां घालावयाचा, ही त्यांची गोष्ट आपल्याकडे मुलांनाही सांगितली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हे दोघे एकत्र आले. शिकून सवरून सरकारी नोकरीची पायरी चढावयाची नाहीं, लोकशिक्षणास आयुष्य वाहावयाचें, हा निश्चय दोघांनीं तेथेंच केला. आगरकरांनीं तर आपल्या आईस पत्रानें कळविलें कीं, मुलगा मोठ्या परीक्षा देत असला तरी मोठ्या पगाराचें सुख तिनें अपेक्षूं नये. पोटापुरतें मिळवून उरलेला सर्व वेळ तो परहितांत घालविणार आहे. दारिद्र्यांत मुलगा वाढविलेल्या त्या माउलीस हें पत्र वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकभगिनींनींच करावी.

२ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकारानें न्यू इंग्लिश स्कूल निघालें. पुढच्याच वर्षीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू झालीं आणि 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर झाले. कोल्हापूरच्या प्रकरणांत तेथील दिवाणांवर केलेल्या लिखाणाबद्दल १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांस शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. या खटल्यांत जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन दिला, असें फुल्यांच्या चरित्रांत नमूद आहे. आणि फुल्यांचे व या तरुण मंडळींचे विचार तर मुळींच जुळणारे नव्हते! तुरुंगांतील दिवसांवर आगरकरांनीं एक सुरस पुस्तकही लिहिलें. त्या कोठडींत दोघे मित्र पुढील कार्याच्या योजना आंखीत व वादही घालीत. एकाच कांबळ्यावर बसून वाद घालणारे मित्र पुढें वेगवेगळ्या अंगणांत उभे राहून वाद घालूं लागतील, हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल.

पण तसें झालें खरें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. कार्य वाढलें तसे मतभेदही वाढले. सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय, हा वाद सर्वविश्रुतच आहे; पण त्याखालीं संस्थेंतील कारभाराच्या, वेतनाच्या व आजीव सभासदांनीं बाहेरचीं कामें करावीं कीं नाहीं याच्या कुरबुरीही होत्या. मोठ्या तत्त्वांचे वाद माणसें पचवितात; रोजच्या व्यवहारांतील लहान कांटे मात्र खोलवर रुततात, हा अनुभव एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी' सोडला आणि पुढील वर्षीं 'सुधारक' काढला. १८९० च्या अखेरीस टिळकांनीं सोसायटीचा राजीनामा दिला. मग दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे वार झाले ते वाचतांना आजही वाचकाला वाईट वाटतें. वैचारिक लढ्यांत लेखणी कधीं मर्मावर घसरली, हें लिहिणाऱ्यालाही कळेनासें झालें होतें.

आगरकरांची प्रकृति मुळांत नाजूक, त्यांत दम्याचा विकार. लोकक्षोभ तर असा कीं, पुण्यांतील सनातन्यांनीं त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. ते बधले नाहींत. पण जगाशीं इतक्या कठोरपणें झगडणारा हा मनुष्य घरांत आपलीं मतें कोणावर लादीत नसे. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व देवधर्म करणाऱ्या. त्यांच्या पूजाअर्चेला आगरकर आड आले नाहींत. १८९२ सालीं वामन शिवराम आपटे वारल्यावर फर्ग्युसनचें प्राचार्यपद त्यांच्याकडे आलें. तेथें तीन वर्षेंही पुरतीं झालीं नाहींत तोंच १७ जून १८९५ रोजीं, सोमवारीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंही पूर्ण झालीं नसतां, त्यांचा अंत झाला. आपल्या उत्तरक्रियेचा भार घरच्यांवर वा मित्रांवर पडूं नये म्हणून त्यांनीं उशाशीं एका पुडींत थोडे पैसे बांधून ठेवले होते, असें सांगतात. कॉलेजचा प्राचार्य, आणि मागें ठेवलें काय, तर स्वतःच्या सरणापुरते पैसे!

आतां प्रश्न असा होता कीं, 'केसरी'नें काय लिहावें? संपादक टिळक होते. दोन ओळींत वार्ता देऊन मोकळें होतां आलें असतें. कोणी नांव ठेवलें नसतें. टिळकांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं सविस्तर मृत्युलेख लिहिला. एरवीं एकटांकीं मजकूर सांगणाऱ्या टिळकांना तो लेख सांगतांना वारंवार थांबावें लागलें व त्यांचे डोळे पुनःपुन्हां भरून आले, अशी आठवण सांगितली जाते. त्या लेखांत मतभेद झांकलेले नाहींत. पण मृत्यूच्या भयंकर रूपापुढें ते क्षुल्लक ठरून जुन्या स्मृतीच मनांत उसळतात, अशी कबुली आहे. देशी वर्तमानपत्रांस जें महत्त्व आलें त्याचें मोठें श्रेय त्यांनीं आगरकरांच्या विद्वत्तेस व मार्मिक लेखणीस दिलें. हवा तेवढा पैसा मिळविण्याची योग्यता असतां ज्यानें दारिद्र्य पत्करलें, त्या माणसाचें मोल त्यांनीं त्याच्या त्यागानें केलें. आपल्याशीं त्याचें पटलें कीं नाहीं, या मापानें केलें नाहीं.

पुढें वीस वर्षांनीं, फेब्रुवारी १९१५ मध्यें, गोपाळ कृष्ण गोखले वारले. त्यांच्याशींही टिळकांचा आयुष्यभर वाद. पण वार्ता कळतांच टिळक सिंहगडावरून खालीं आले, स्मशानांत गेले व गोखल्यांचें जीवन अनुकरणीय आहे असें त्यांनीं जमलेल्या लोकांस सांगितलें. दोन्ही प्रसंगीं थोरपणा कोणाचा अधिक, हें ठरविण्याचें कारण नाहीं. गेलेल्यांनीं आपल्या चारित्र्यानें तो मान मिळविला होता आणि मागें राहिलेल्यानें तो मोकळ्या मनानें दिला.

आम्हांला या हकीकतींत एक गोष्ट मात्र सलते. तो मृत्युलेख आगरकरांनीं वाचला नाहीं! ज्या शब्दांनीं त्यांच्या शेवटच्या आजारांत औषधाहून अधिक काम केलें असतें, ते शब्द छापून आले तेव्हां ते ऐकावयास आगरकर नव्हते. आपल्या घराघरांतून हेंच घडतें. वाटण्या होऊन वेगळे झालेले भाऊ, एका चुलीवरून दोन चुलींवर गेलेल्या जावा, एका कचेरींत शेजारीं बसून एकमेकांकडे न पाहणारे सहकारी — यांपैकीं एक जण गेला म्हणजे दुसऱ्याच्या मनाचा बांध फुटतो. पितृपक्षांत नांव घेऊन आपण ज्यांना तिलोदक देतों, त्यांना हयातींत कपभर चहाला बोलावावयास आपला मानापमान आड येतो, ही केवढी विपरीत गोष्ट आहे!

आमच्या स्नेह्यांनीं हें सर्व ऐकून घेतलें. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे भांडण झालें होतें, हें सांगितलें तरी चालेल?" आम्हीं म्हटलें, "चालेल. पण तें भांडण पंचवीस वर्षांतलें किती, तें प्रमाणही सांगा."

सभेला आम्हीही गेलों होतों. ते पांच मिनिटेंच बोलले. पहिल्या बिऱ्हाडाची, एका कंदिलाखालीं दोघांनीं तपासलेल्या वह्यांची आणि शेवटीं अबोल्याची गोष्ट त्यांनीं सांगितली. "चूक कोणाची होती तें आतां मला आठवत नाहीं, आधीं बोलावयाचें मात्र माझ्याकडून राहून गेलें," एवढें बोलून ते खालीं बसले. दिवंगत मित्राच्या पत्नी पुढच्या रांगेंत होत्या. सभा संपल्यावर त्या उठून त्यांच्याकडे आल्या व म्हणाल्या, "भावोजी, घरीं या. त्यांच्या टेबलाच्या खणांत तुमच्या जुन्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत."

वाचकहो, ज्यांच्याशीं तुमचा असा अबोला असेल आणि जे सुदैवानें अद्याप हयात असतील, त्यांच्या घरची पायरी या महिन्यांतच चढा. मृत्युलेख लिहिण्याचा मान मिळण्यापेक्षां तो लिहिण्यापूर्वीं मनुष्य भेटणें, हें अधिक भाग्याचें आहे.