‘रोग पडला’ म्हणू नका, कोणत्या वाटेने आला ते सांगा



कपाशी सुकली, पान लाल पडले, ज्वारीचे कणीस काळे झाले, की आपण एकच बोलतो : “रोग पडला.” जणू तो आभाळातून पडला! दुकानदाराला एवढे पुरते. पीक त्याने पाहिलेले नसते, तरी दोन बाटल्या पुढे सरकतात आणि उधारीच्या वहीत आकडा वाढतो.

रोग कोणत्या तरी वाटेने येतो. ती वाट कळली तरच तो अडवता येतो.

ज्वारीची दाणे काणी बियाण्यावरून येते. मळणीत काणीचे दाणे फुटतात आणि काळी भुकटी चांगल्या दाण्याला चिकटते. पेरणीआधी किलोला 4 ग्रॅम गंधक चोळले की ती अडते. कणसात दिसल्यावर फवारा मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. खडखड्याची बुरशी मातीत राहते. दाणे भरताना ओल तुटली की धांडा पोकळ होऊन लोळतो. तिथे ओल टिकवणे हेच औषध. तांबेरा वाऱ्यावर येतो. तुरीचा वांझ रोग कोळी पसरवतो. त्यावर बुरशीनाशक काय करणार?

कधी तर रोगच नसतो. पावसाच्या मोठ्या खंडानंतर जोराची सर येते, रानात पाणी साचते आणि संकरित कपाशीची हिरवीगार झाडे दोन-तीन दिवसांत माना टाकतात. ही आकस्मिक मर. तिच्यात जंतू नाही, ती शेजारच्या झाडाला लागत नाही. आधी साचलेले पाणी काढा, वाफसा आणा. देशी कपाशीची मर मात्र मातीतल्या बुरशीने होते. नाव एक, कारणे दोन. लाल्याचेही तसेच. बोंडे भरताना नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, रात्री गारठल्या, तुडतुड्यांनी रस शोषला, तरी पान लालच होते.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण गरज नसलेला प्रत्येक पंप कोणाच्या तरी पाठीवर चढतो, हे विसरू नका.

काणी, खडखड्या, दहिया, लाल्या हे शब्द आपल्याच तोंडचे आहेत. कृषी विद्यापीठांची पुस्तकेही तेच छापतात. त्यांना वाटेचा शब्द जोडा : बियाण्याचा, मातीचा, वाऱ्याचा, किडीचा, की रोगच नाही. गावोगाव ठराव करा : कृषी खात्याच्या माणसाने बांधावर येऊन रोगाचे नाव आणि वाट लिहून द्यावी, आणि त्या चिठ्ठीशिवाय आम्ही बुरशीनाशक विकत घेणार नाही.

आपल्या मालाचा भाव दुसराच ठरवतो, म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. मग आपल्या पिकाचा आजार तरी दुकानाच्या गल्ल्यावर का ठरावा?